भाताची वंशावळ, व्हाया कर्जत लोकल

मराठी घरांत, मग ते घर ठाण्यातलं असो, हिंजवडीतलं असो की न्यू जर्सीतलं, सोना मसुरीची पिशवी हमखास असते. यातलं 'सोना' कळतं. पण 'मसुरी' म्हणजे काय? थंड हवेचं ठिकाण? मसूर डाळ? दोन्ही नाही. ही मसुरी म्हणजे महसुरी. मलेशियातल्या लंकावी बेटावरच्या दंतकथेतली बाई. तिच्यावर खोटा आळ आला, तिला मारलं, आणि मरताना तिने बेटाला सात पिढ्यांचा शाप दिला म्हणे. आपण जिच्यावर वरण ओततो ती हीच :-)

आता ही मलेशियन बाई आपल्या पानात कशी आली? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४६ साली, कटकला केंद्रीय भात संशोधन संस्था सुरू झाली. १९५० च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या एफएओने तिथे एक प्रकल्प हाती घेतला. जपानी पद्धतीचा आखूड, खताला दाद देणारा भात आणि आपल्याकडचा लांब दाण्याचा, उंच वाढणारा भात यांचा संकर करायचा आणि त्याचं बी आशियातल्या सगळ्या सहभागी देशांना वाटायचं. शेकडो संकर झाले आणि बहुतेक फुकट गेले. कटकला केलेल्या एका संकराचं बी मलायात गेलं, तिथे जपानी आणि स्थानिक तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं निवड करून १९६५ साली एक वाण काढला आणि त्याला महसुरी नाव दिलं. तोच वाण भारतात परत आला आणि आंध्रात तुफान चालला. पुढे बापटलाच्या संशोधकांनी त्याचा 'सोना' नावाच्या वाणाशी संकर केला. झाली सोना मसुरी!

म्हणजे बघा, कटकला जन्म, मलायात शिक्षण, आंध्रात लग्न. आपल्या क्षेत्रातल्या लोकांचं करिअरही साधारण असंच असतं.

हे सगळं मी वाचत बसलो त्याला कारण माझा पत्ता. मी बदलापूर गावात राहतो. स्टेशन कुळगावात, आणि मूळ गाव पश्चिमेला. (पूर्वी इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं सांगतात. आता आपण इथे फास्ट-स्लो बदलतो.) कर्जत लोकलने बदलापूरच्या पुढे गेलात की वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत असा पाऊण तासाचा पट्टा लागतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीतून दिसतो तो फक्त भात. राजमाचीच्या दऱ्यांतून निघालेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणकडे जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना खाचरं. हा भात 'आपला', 'कोकणातला', 'पारंपरिक' अशी आपली समजूत असते. त्याची वंशावळ शोधायला लागलो आणि समोर आले तैवान, इंडोनेशिया, फिलिपिन्स, चीन, बांगलादेश. ही आजच्या लेखाची गोष्ट.

मदत दोन प्रकारची असते

'परदेशी मदत' म्हटलं की आपल्या आजी-आजोबांना आठवते ती रेशनवरची लाल मिलो ज्वारी. १९५४ साली अमेरिकेने पीएल-४८० नावाचा कायदा केला, १९५६ साली भारताशी त्याखाली करार झाला, आणि अमेरिकेतलं शिलकी धान्य रुपयांत मिळायला लागलं. १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन पावसाळे दगा देऊन गेले. १९६६ या एका वर्षात भारताने एक कोटी टनांच्या आसपास धान्य आयात केलं. तेव्हाचे अमेरिकन अध्यक्ष जॉन्सन हे गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते. शेती धोरण बदला, व्हिएतनामबद्दल जरा जपून बोला, मग पुढचं जहाज. लोक जगले हे खरंच. पण जहाज थांबलं की मदत संपली.

दुसऱ्या प्रकारची मदत दिसायला अगदी फालतू असते. पाकिटात मावेल एवढं बी, एक वहीभर नोंदी आणि दोन-चार माणसांचं येणंजाणं. तिचा फायदा दिसायला दहा वर्षं लागतात, त्यामुळे तिचे फोटो छापून येत नाहीत. पण माझं म्हणणं असं आहे की टिकली ती हीच. आणि टिकली याचं कारण देणाऱ्याचं औदार्य नव्हे. घेणाऱ्याच्या हातात ती वस्तू मोडून, बदलून, स्वतःची करून घेण्याची मुभा होती, आणि तसं करणारी माणसं व संस्था इथे आधीपासून होत्या. म्हणून टिकली.

आपल्याच लाइनवर याचे तीन-चार नमुने आहेत. क्रमाने बघू.

जपान : बोरिवली आणि खोपोली

पहिला नमुना जपानचा. १९५० च्या दशकात 'जपानी भातशेती' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला होता. आपल्याकडे ती आधी करून पाहिली ती मुंबईत, बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात. होय, तेच बोरिवली, जिथे आता शेताचा बांध शोधायला गूगल मॅप्स लागेल. १९५३ साली केंद्र सरकारने या पद्धतीची देशभर मोहीम काढली. यात चमत्कार काही नव्हता. मिठाच्या पाण्यात बुडवून जड, निरोगी बी निवडायचं, रोपं गादीवाफ्यावर तयार करायची, बियाणं कमी वापरायचं, लावणी दोरी धरून ओळीत करायची, ओळींमधून कोळपं फिरवायचं आणि खत भरपूर द्यायचं. पुढे १९६० च्या दशकात भारत-जपान करारातून देशात काही ठिकाणी प्रात्यक्षिक शेतीची केंद्रं उभी राहिली. त्यातलं एक कर्जतच्या पुढे, खोपोलीला. जपानी तज्ज्ञ आले, त्यांच्याबरोबर छोटी यंत्रं आली.

याचं पुढे काय झालं? मोहीम विरली. कोकणात शेताचे तुकडे लहान, लावणीच्या आठवड्यात धो धो पाऊस, मजूर सगळ्यांना एकाच वेळी हवे. अशा वेळी दोरी धरत कोण बसतो? शिवाय मुख्य अडचण भाताच्या रोपातच होती. आपले जुने वाण उंच, काही तर माणसाच्या छातीला लागणारे. त्यांना जास्त खत दिलं की दाणा वाढण्याआधी काडीच वाढते, लोंबी भरली की वाऱ्यापावसात अख्खं शेत आडवं पडतं आणि दाणा चिखलात कुजतो. भात 'लोळला' म्हणतात ते हेच. म्हणजे पद्धत जपानची घेतली, पण ती चालवायची कोणावर? हार्डवेअर जुनंच!

तरीही गादीवाफा राहिला, कमी बियाण्याचा विचार राहिला, आणि जमेल तिथे ओळीतली लावणीही राहिली. लोकांनी जे परवडलं ते घेतलं, बाकी सोडून दिलं.

बुटका जनुक आणि आठवा संकर

हे हार्डवेअर बदललं ते फिलिपिन्समध्ये. १९६० साली फोर्ड आणि रॉकफेलर या दोन अमेरिकन फाउंडेशननी फिलिपिन्स सरकारबरोबर मनिलाजवळ लॉस बान्योस इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था काढली. तीच 'इरी'. तिथे १९६२ साली पीटर जेनिंग्ज या माणसाने ३८ संकर केले. त्यातला आठवा होता इंडोनेशियातला उंच 'पेटा' आणि तैवानमधला बुटका 'डी-जिओ-वू-जेन' यांचा.

पहिली पिढी सगळीच उंच निघाली. दुसऱ्या पिढीत मात्र चारातलं एक रोप बुटकं. म्हणजे बुटकेपणा एकाच जनुकावर चालतो. शाळेत वाटाण्यावर शिकलेला मेंडेल इथे कामाला आला. (या जनुकाला एसडी-१ म्हणतात. तो नेमका कोणता हे कळायला २००२ साल उजाडलं.) मग निवड. २८८ व्या ओळीतलं तिसरं रोप चांगलं दिसलं म्हणून त्याचं नाव आयआर८-२८८-३. बघा, व्हर्जन नंबर! सुरजित डे दत्ता या भारतीय कृषिशास्त्रज्ञाने त्याला वेगवेगळी खतमात्रा देऊन चाचण्या घेतल्या आणि हेक्टरी नऊ टनांच्या वर भात निघाला. त्या काळी आशियात एक-दोन टन म्हणजे नेहमीचं पीक. २८ नोव्हेंबर १९६६ ला 'आयआर८' जाहीर झाला.

आता 'पेटा'ची वंशावळ बघा. 'चीना' आणि 'लाटीसाइल' या दोन वाणांचा तो संकर, आणि लाटीसाइल हा बंगालचा भात. म्हणजे 'परदेशी' आयआर८ च्या पोटात आधीपासून आपलंच रक्त होतं. कोण देणारा, कोण घेणारा, हा हिशेब इथेच गडबडायला लागतो.

कर्जतला काय झालं

आता आपल्या लाइनवर येऊ. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ सालचं. इरीपेक्षा एक्केचाळीस वर्षांनी मोठं! त्याचं सुरुवातीचं काम म्हणजे शेतकऱ्यांकडच्या वाणांतून चांगल्या ओळी निवडणं. कोलंबा, झिनिया, वाकसळ ही कोकणच्या भाताची जुनी घराणी, आणि त्यांच्या पुढचे आकडे (वाकसळ २०७ वगैरे) हे त्या निवडीचे. कुठला वाण हळवा, कुठला निमगरवा, कुठला गरवा, कुठल्याला खालची पाणथळ जमीन लागते, याची माहिती तिथे दशकानुदशकं साठत गेली.

म्हणून १९६० च्या दशकाच्या मध्यावर तैवानमधून 'तैचुंग नेटिव्ह १' आणि पाठोपाठ आयआर८ भारतात आले, तेव्हा कर्जतच्या लोकांकडे त्यांच्याशी जोडायला स्वतःचं काहीतरी होतं. नुसता तैचुंग इथे चालला नसता. त्याच्यावर जिवाणूजन्य करपा लगेच पडायचा. आयआर८ चा दाणा जाड, पोटात पांढरा, आणि भात थंड झाला की कडक. सकाळी उरलेला भात फोडणी देऊन खाणाऱ्या आपल्या लोकांना हे कसं चालणार? मग तैचुंग आणि इथला कोलंबा यांचा संकर करून 'कर्जत १८४' निघाला. बुटकेपणा तैवानचा, दाणा आपल्याकडचा. पुढे आलेल्या 'कर्जत ३' चा एक पालक इरीचा 'आयआर३६', आणि 'कर्जत ७' हा त्या कर्जत ३ चा मुलगा.

या मधल्या काळात संस्थाही उभ्या राहत होत्या. १९६८ साली राहुरीचं कृषी विद्यापीठ झालं. अमेरिकी सरकारच्या मदतीने तिथली विद्यापीठं भारतातल्या एकेका राज्याशी जोडली होती, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट आलं. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं आणि कर्जतचं केंद्र त्याच्याकडे गेलं. अमेरिकन प्राध्यापक काही वर्षांनी परत गेले. विद्यापीठं राहिली.

आयआर३६ ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७० च्या दशकात आशियात खुजेपणा आणणारा एक विषाणूजन्य रोग पसरला आणि सगळे नवे वाण त्याला बळी पडायला लागले. इरीने सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा सापडला तो एकच, आणि तो होता उत्तर प्रदेशातून गोळा केलेला एक रानटी भात! ज्याला शेतकरी तण म्हणून उपटून टाकेल असा. पंजाबातून गेलेल्या गुरदेव खुश यांनी तो गुण आयआर३६ मध्ये आणला, १९७६ साली तो वाण आला, आणि एक काळ असा होता की जगात सगळ्यात जास्त जमिनीवर लावलेला भात तोच होता. म्हणजे उत्तर प्रदेशातलं तण मनिलाला गेलं, तिथून कर्जतला आलं आणि 'कर्जत ३' होऊन वांगणीच्या खाचरात उभं राहिलं.

पण चोरीचं काय?

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण दुसरी बाजू सांगायलाच हवी.

कटकच्या संस्थेचे संचालक डॉ. आर. एच. रिछारिया यांचा या सगळ्याला विरोध होता. त्यांचं म्हणणं असं की पुरेशी तपासणी न करता परदेशी बी आणाल तर त्याबरोबर रोग आणाल, आणि मुख्य म्हणजे इथल्या वाणांतच भरपूर उत्पन्न देणारे वाण आहेत, ते आधी शोधा. १९६७ साली त्यांना पदावरून जावं लागलं. पुढे रायपूरला त्यांनी १७ हजारांहून जास्त स्थानिक वाण जमवले, आणि तिथूनही त्यांना बाजूला व्हावं लागलं. इरीला भारतातून वाण गेले ते कोणाला विचारून, आणि उद्या त्यांचा उपयोग कोणती कंपनी करणार, हे प्रश्न १९८० च्या दशकात क्लॉड अल्वारिस यांनी जाहीरपणे विचारले. ही भीती अगदीच हवेतली नव्हती. २००२ साली रायपूरच्या कृषी विद्यापीठाचा याच संग्रहाबाबत सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी करार व्हायच्या बेतात होता. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तो बारगळला.

मला दोन्ही बाजू पटतात, आणि हे मी गुळमुळीत राहायचं म्हणून म्हणत नाही. रिछारिया रोगाबद्दल बरोबर होते, तैचुंगने ते सिद्ध केलं. स्थानिक वाण शेतातून जातील हेही त्यांचं खरं ठरलं. उल्हासच्या काठी आज किती जणांच्या शेतात वाकसळ आहे? पण सरकारपुढे तेव्हा बंदरात न आलेल्या जहाजाचा प्रश्न होता. स्थानिक वाणांतून निवड करत उत्पन्न दुप्पट व्हायला जी वीस वर्षं लागली असती, ती कोणी द्यायची?

चूक झाली असेल तर ती बी देण्या-घेण्यात नाही. 'बी द्या, पण आमचंही जपा' हा दुसरा अर्धा भाग आपण मनावर घेतला नाही, तिथे झाली. शेतातून गेलेला वाण शीतपेटीत असतो. इरीच्या पेढीत आज १ लाख ३० हजारांहून अधिक नमुने आहेत. पण शीतपेटीतलं बी म्हणजे टेपवरचा बॅकअप. रिस्टोअर करता येतो, पण मधल्या वर्षांत त्याला ना नवा पाऊस कळतो ना नवी कीड.

आणि बॅकअपचा उपयोग होतो याचाही पुरावा आहे. ओडिशात 'एफआर १३ए' नावाचा जुना वाण होता. पूर आला तरी दोन आठवडे पाण्याखाली तग धरणारा, पण उत्पन्न कमी. इरी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यातला नेमका जनुक २००६ साली शोधून जाहीर केला, आणि तो 'स्वर्णा' या आपल्या लोकप्रिय वाणात घालून तयार झालेला 'स्वर्णा सब-१' २००९ साली भारतात आला. (स्वर्णाची एक पालक कोण? आपली मलेशियन महसुरी!) जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, ते ज्यांनी टीव्हीवर पाहिलं त्यांनी एकदा विचार करावा की रुळांच्या बाजूची खाचरं तेव्हा कुठे होती. पाण्यात टिकणारा भात ही आता ओडिशापुरती गोष्ट नाही.

सह्याद्री : एका दाण्यात चार देश

आता कर्जतचा सगळ्यात गुंतागुंतीचा वाण. भाताचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. नर-मादी एकाच फुलात. त्यामुळे मोठ्या प्रमाणावर संकरित बी करणं जवळपास अशक्य. त्याला असं झाड लागतं ज्याचे परागकण निकामी आहेत. १९७० साली चीनच्या हायनान बेटावर युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना तसं एक रानटी भाताचं झाड सापडलं. त्यावर चीनचा संकरित भात उभा राहिला. पण चिनी वाण उष्ण कटिबंधात रोगाला बळी पडायचे. मग इरीने, मुख्यतः एस. एस. विरमाणी या भारतीय शास्त्रज्ञाच्या हाताखाली, तो नरवंध्य गुण उष्ण प्रदेशातल्या ओळींत आणला. त्यातली एक 'आयआर ५८०२५ ए'. ती तयार करताना दिल्लीच्या पुसा संस्थेची ओळ वापरलेली.

१९८९ च्या डिसेंबरात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने संकरित भाताचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. इरीचं तंत्र, १९९१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीचा निधी आणि देशभरातली डझनभर केंद्रं. त्यात कर्जत होतं. १९९८ साली कर्जतने 'सह्याद्री' दिला. आई 'आयआर ५८०२५ ए', बाप 'बीआर ८२७-३५', म्हणजे बांगलादेशच्या भात संस्थेतली ओळ. चीनचं रान, फिलिपिन्सची प्रयोगशाळा, दिल्लीचं आणि बांगलादेशचं बी, आणि नाव सह्याद्री. शेजारी देशांच्या नेत्यांना जे जमत नाही ते एका भाताच्या लोंबीत जमलं.

हे कसं शक्य झालं? १९७५ पासून इरीच्या पुढाकाराने एक जाळं चालतं. एकाच संचातलं बी डझनावारी देशांतली केंद्रं आपापल्या जमिनीत लावतात आणि नोंदी परत पाठवतात. तुमचं उत्तम बी त्यात घाला, दुसऱ्याचं उत्तम बी घेऊन जा, वापरा, संकर करा. नियम एकच, काय झालं ते कळवा. आपल्या भाषेत ओपन सोर्सच, पण तो शब्द निघायच्या वीस-बावीस वर्षं आधी.

सह्याद्रीत एक मेख मात्र आहे. संकरित भाताचं बी घरी ठेवता येत नाही. दुसऱ्या वर्षी पीक एकसारखं येत नाही, म्हणून दर वर्षी नवं विकत घ्यावं लागतं. कर्जत ३ तसा नाही. गेल्या पावसाळ्यात बांधावर उभ्या शेजारच्या काकांना विचारलं, "काका, बी कोणतं?" म्हणाले, "कर्जत तीन. घरचंच आहे. चार वर्षांनी एकदा बदलतो." "आणि सह्याद्री?" "चांगला येतो रे, पण दर साली पिशवी कोण आणणार?" दोन वाक्यांत पूर्ण लायसन्सिंग मॉडेल सांगून काका लावणीला लागले.

आणि एक गोळी

देणं-घेणं एकतर्फी नव्हतं याचा अजून एक नमुना. युरिया शेतात फोकला की बराचसा पाण्याबरोबर वाहून जातो नाहीतर हवेत जातो. आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्र या अमेरिकेतल्या संस्थेत काम केलेले डॉ. नारायण सावंत यांनी कोकणासाठी 'चारसूत्री भातशेती' मांडली. पेंढा-तूस यांचा पुनर्वापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची दाबून केलेली गोळी खोल खोचणं. गोळी चिखलात हळूहळू विरघळते, वाहून जात नाही. यातली ओळीतली लावणी बघितलीत? बोरिवलीच्या जपानी पद्धतीची नातच ती. गिरिपुष्प मूळचा मध्य अमेरिकेतला, आता कोकणात बांधाबांधावर आहे.

आता काय पणाला आहे

या सत्तर-पाऊणशे वर्षांच्या भागीदारीचे दोन खांब होते. एक, बी मोकळेपणाने देणं-घेणं. दोन, ते लावून बघायला शेत आणि शेतकरी.

पहिला खांब आता कागदपत्रांत गुंडाळला गेलाय. १९९४ साली इरीसारख्या संस्थांनी आपले संग्रह एफएओच्या देखरेखीखाली जगासाठी विश्वस्त म्हणून ठेवले, २००४ साली बियाण्यांचा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला, बी घेताना प्रमाणित करारपत्रावर सही करावी लागते. चोरीची भीती होती, त्यामुळे हे हवंच होतं. आपल्याकडेही २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी ठेवण्याचा, वाटण्याचा, ब्रँडशिवाय विकण्याचा हक्क दिलाय, आणि जगात इतका स्पष्ट हक्क फार थोड्या ठिकाणी आहे. पण पैशाची बाजू डळमळली आहे. १ जुलै २०२५ पासून अमेरिकेच्या यूएसएडने परदेशी मदतीचं काम थांबवलं, आणि या संशोधन संस्थांना वर्षानुवर्षं पैसा देणाऱ्यांत ती मोठी होती. पन्नास वर्षं चालणारं काम तीन वर्षांच्या बजेटवर चालत नाही, हे प्रॉडक्ट कंपनीत काम केलेल्या कोणालाही समजावून सांगायची गरज नाही.

दुसरा खांब आपल्या खिडकीबाहेर आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ साली सुमारे ९८ हजार होती, २०११ साली १ लाख ७४ हजारांच्या वर गेली. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले ते तुम्हीच मोजा. मी स्वतः अशाच एका इमारतीत राहतो, तेव्हा बिल्डरला शिव्या घालून मोकळं होण्यात अर्थ नाही. काकांची मुलं नोकरीला आहेत आणि एकराचा भाव ऐकला तर त्यांना कोणीही दोष देणार नाही. पण खाचर एकदा भरलं की ते परत खाचर होत नाही, आणि बांधावरच्या माणसाबरोबर 'या जमिनीत निमगरवा लाव, गरवा नको' ही माहितीही जाते. ती कुठल्याच पेढीत ठेवलेली नाही.

आपल्यासारख्यांनी काय करावं? मोठं काही सुचत नाही. एक छोटी गोष्ट सुचते. नेरळ-कर्जतकडे ट्रेकला जातो तेव्हा परत येताना तिथल्या शेतकऱ्याकडून थेट तांदूळ घ्या, आणि घेताना वाणाचं नाव विचारा. कर्जत ३ का, ७ का, कोणाकडे अजून जुना कोलम आहे का. नाव विचारणारं गिऱ्हाईक असेल तर ते नाव लक्षात ठेवणारा शेतकरी राहील. आणि कोणाच्या घरी आजोबांच्या काळातल्या भाताची नावं सांगणारं माणूस असेल, तर ती वहीत उतरवून घ्या. पुढच्या पावसाळ्याआधी.

असो. फार लांबलं. पुढच्या शनिवारी थोडं छोटं काहीतरी.